आधी कापड ओळखा, मग कात्री धरा



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, किडी-रोग आणि जनावरांचा चारा यांबद्दल बोलतो. आज शिवणकामाबद्दल लिहीत आहे. ‘शेतीच्या साहेबांना सुईदोरा कुठून आठवला?’ असे घरातली कर्ती मंडळी म्हणतील. म्हणून नमनाला घडाभर तेल न घालता कारणे सांगतो.

पहिले कारण असे, की कपाशीची पहिली वेचणी आता लांब नाही. महिनोन् महिने राबून पिकवलेला पांढराशुभ्र कापूस आपण खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोणीत भरतो. त्या गोणीचे बारीक धागे सुटून कापसात मिसळतात. एकदा मिसळले की ते वेचून काढणे कठीण, आणि सुतात गेले की त्यांना रंगही नीट चढत नाही. अशा मालाची प्रत घसरते. कापसासाठी सुती कापडाचीच झोळी वापरा, हे आम्ही दरवर्षी सांगतो. पण ती झोळी घरी कशी शिवावी, हे सांगायचे राहून जाते.

दुसरे कारण गावोगाव फिरताना दिसते. कितीतरी घरांत शिलाई मशीन आहे. कोणाला ते जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनेतून मिळालेले असते, कोणी बचत गटाचे कर्ज काढून घेतलेले असते, कोणाच्या माहेरून आलेले असते. ते कोपऱ्यात उभे असते, वर जुन्या साडीची खोळ असते आणि खोळीवर डाळीचा डबा. विचारले तर उत्तर ठरलेले: “शिकायला घेतलं होतं, पण हात बसला नाही.”

मग पुढचा प्रश्न विचारावा, की पहिल्यांदा काय शिवले होते? बहुतेक वेळा उत्तर येते, ब्लाऊज. आणि कापड कोणते? कोणी तरी ओटीत घातलेला चकचकीत, सुळसुळीत ब्लाऊजपीस. वाफसा नसताना जमिनीत औत घातले तर ढेकळेच निघणार. त्यात बैलाचा दोष नाही आणि औत धरणाऱ्या हाताचाही नाही. शिवणकाम बिघडते ते बहुधा मशीनवर नव्हे. त्याआधी दुकानात, कापड निवडताना बिघडलेले असते. आज एवढी एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे.

निम्मे काम तुम्हाला येतेच

ज्या घरात गोधडी शिवली जाते, त्या घरात शिवणकाम अगदी नवे नाही. जुन्या लुगड्यांचे थर लावून, कडेने सुरुवात करून आत आत येत जो टाका घातला जातो, तो धावदोरा. सुई वर-खाली करत सरळ चालत जाणारा हा टाका शिवणकामाचा पाया आहे.

त्याला दोन टाक्यांची जोड द्या. एक, उलटी टीप. यात सुई एक टाका पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाशी परत खाली घालायची. वरून पाहिले तर मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ दिसते आणि ओढले तरी शिवण सहज उसवत नाही. दुसरा, तुरपाईचा टाका. दुमडलेली कड आतून बारीक टाक्यांनी बसवणे, म्हणजे तुरपाई. धावदोरा, उलटी टीप आणि तुरपाई एवढे तीन टाके आले, की घरात मशीन नसले तरी पुढे सांगितलेली झोळी हाताने शिवता येते. मशीनवाचून अडून बसू नये.

कापडाचे उभे-आडवे

शेताची नांगरट उभी केली की आडवी, हे आपण पाहतो. कापडातही तसेच पाहावे लागते. मागावर आधी लांबीच्या दिशेने ताणून बांधतात ते उभे धागे, म्हणजे ताणा. त्यांच्यातून आडवे विणत जातात ते धागे, म्हणजे बाणा. कापडाचा पक्का काठ ज्या दिशेने जातो, ती ताण्याची दिशा.

घरातला एखादा सुती रुमाल हातात घ्या. काठाच्या दिशेने ओढा, तो फारसा ताणत नाही. आडवा ओढा, किंचित सैल होतो. आता समोरासमोरची दोन टोके धरून तिरपा ओढा. तो चांगलाच लांबतो. या तिरप्या दिशेला शिंपी उरेब म्हणतात. ज्या भागावर वजन किंवा ओढ येणार, तो नेहमी उभ्या धाग्यावर कापावा: पिशवीचा बंद, परकराची नाडी, सदऱ्याची लांबी. गळ्याला बसवायची पट्टी मात्र उरेब कापतात, कारण तिला वळायचे असते. पिशवीचा बंद आडवा-तिरपा कापला गेला, तर चार दिवसांत तो लोंबू लागतो आणि आपण शिवणीला दोष देतो.

दुकानात ‘काउंट’ हा शब्द ऐकू येतो. तो सुताच्या जाडीचा आकडा. एक पौंड वजनाच्या सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्याचा काउंट. म्हणजे आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. २० काउंटचे सूत जाड, ६० काउंटचे बारीक. आपल्या कापसाच्या धाग्याची लांबी, ताकद आणि बारीकपणा यांवरच त्यातून किती बारीक सूत निघेल हे ठरते. मुंबईत माटुंग्याला १९२४ सालापासून या तपासणीची आणि संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा आहे. शेतात वेचताना मिसळलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिकचा धागा शेवटी कापडापर्यंत पोचतो, हे ध्यानात असू द्यावे.

दुकानात पाच परीक्षा

नवशिक्याचे कापड सुती, साधे, मध्यम जाडीचे आणि घट्ट विणीचे असावे. मांजरपाट सर्वांत उत्तम. त्यानंतर लाँगक्लॉथ, पॉपलीन आणि जाडसर खादी. मलमल, जॉर्जेट, साटीन, नायलॉन आणि ताणणारे होजियरी कापड पहिल्या वर्षी दूर ठेवावे. टेरिकॉट टिकाऊ खरे, पण त्याला घडीची रेघ सहज बसत नाही आणि उन्हात अंगाला ते सुतीइतके मानवत नाही.

ठाण उलगडल्यावर या पाच परीक्षा कराव्यात.

१. कापड उजेडासमोर धरा. वीण सारखी दिसली पाहिजे. कुठे दाट, कुठे विरळ असेल तर ते कापड घेऊ नये.

२. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत घेऊन चुरगाळा, चोळा. पांढरी भुकटी पडली, तर खळ भरून कापड जाड केलेले आहे. पहिल्या धुण्यात खळ निघून जाईल आणि हातात जाळी उरेल.

३. कापलेल्या कडेपासून बोटभर आत नखाने कडेच्या दिशेने ओढा. धागे घसरून फट पडली, तर तिथली शिवणही अशीच घसरेल.

४. रंगीत कापड असेल तर पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते इतर कपड्यांचेही वाटोळे करील.

५. पन्हा विचारा, आणि स्वतः मोजा. ९० सेंटीमीटर पन्ह्याचे दीड मीटर आणि ११० सेंटीमीटर पन्ह्याचे दीड मीटर, यांत पुष्कळ फरक आहे. नुसता मीटरचा भाव पाहून स्वस्त-महाग ठरवू नये.

सहावी परीक्षा घरी करायची. कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर काडी लावा. लहान मुले जवळ नसावीत आणि पदर खोचलेला असावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्यासारखाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टरचा धागा आकसतो, वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. ‘शंभर टक्के सुती’ असे सांगून मिश्र कापड गळ्यात मारले असेल, तर इथे उघडे पडते. राख आणि कडक गोळी दोन्ही दिसली, तर ते मिश्र समजावे.

कापण्याआधी धुवा

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. कापडाचीही अशी चाचणी असते. नव्या कापडाच्या कोपऱ्यातून २५ सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन कापा. त्यावर उभ्या धाग्याची दिशा पेन्सिलीने खूण करून ठेवा. तो साबणाने धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. उभ्या दिशेला एक सेंटीमीटर कमी भरला, तर मीटरमागे चार सेंटीमीटर आटणार, हा हिशेब. कोरा मांजरपाट बराच आटतो. धुतलेले, ब्लीच केलेले कापड त्यामानाने कमी आटते.

चौकोनाची चाचणी झाली की सगळे कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, सकाळी खळ निघेपर्यंत धुवावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि किंचित ओलसर असताना इस्त्री करावी. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवावी. मगच कात्री लावावी. न धुता शिवलेला परकर पहिल्या धुण्यात घोट्यावरून पोटरीवर जातो, आणि मग तो कितीही ओढला तरी खाली येत नाही.

सामान थोडे, पण नेटके

कात्री एक घ्या, पण ती कापडाशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नका. कागद, दोरखंड, दुधाची पिशवी कापली की तिची धार जाते आणि मग ती कापड कापत नाही, चावते. मापपट्टी जुनी झाली की ताणते. मुलांच्या शाळेतल्या फूटपट्टीशी ती एकदा ताडून पाहा. हाताच्या किंवा वितीच्या मापाने कापू नका. सासूबाईंचा हात आणि सूनबाईंचा हात सारखा नसतो, आणि दोघींनी मिळून कापलेल्या झोळीच्या दोन कडा मग जुळत नाहीत.

मशीनची सुई कापड पाहून घ्यावी. पातळ कापडाला ११ नंबर, पॉपलीन आणि मांजरपाटासारख्या मध्यम कापडाला १४, जाड ड्रिलला १६. सुईचे टोक बोथट झाले की टाके सुटतात आणि कापडाला फास बसतो. अशा वेळी मशीन बिघडले असे समजून कारागिराकडे धावण्याआधी सुई बदलून पाहावी. दोरा कापडाच्या जातीचा असावा, सुतीला सुती. बरीच वर्षे पेटीत पडलेले रीळ आधी हाताने ओढून पाहावे. तो दोरा पटकन तुटला तर शिलाईत टिकणार नाही.

मशीनमध्ये तेल घालावे ते मशीनचेच. खोबरेल किंवा गोडेतेल घातले तर ते चिकट होऊन धूळ धरते आणि चाक जड चालते. तेल घातल्यावर आधी एखाद्या चिंधीवर चार ओळी मारून घ्याव्यात, म्हणजे चांगल्या कापडावर डाग पडत नाहीत.

हात बसवण्याचे सात दिवस

पहिले दोन दिवस सुईत दोरा ओवायचाच नाही. मुलांच्या जुन्या वहीचा रेघांचा कागद घ्या आणि सुईची भोके रेघेवर पडतील असे मशीन चालवा. यासाठी जुनी सुई वापरावी, कागदाने सुई बोथट होते. चाक आपल्याकडे फिरवून सुरुवात करायची आणि पायांची लय धरायची. पाय मध्येच उलटा पडला की चाक मागे फिरते आणि पुढे याच कारणाने दोरा तुटतो. नजर सुईवर ठेवू नये. कापडाची कड आणि फूट यांमधले अंतर पाहावे. बैल सरळ चालावा म्हणून आपण त्याच्या खुराकडे पाहत नाही, बांधाकडे पाहतो, तसेच हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोरा ओवून धुतलेल्या मांजरपाटाच्या तुकड्यावर सरळ रेघा शिवा. एका इंचात १० ते १२ टाके पडावेत. वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घातला, तर दोष लगेच कळतो. खालचा रंग वर डोकावू लागला, तर वरचा दोरा फार आवळलेला आहे. वरच्या दोऱ्याचे फास खालच्या बाजूला लोंबू लागले, तर वरचा दोरा फार ढिला आहे. ताणाचे चाक एकदम फिरवू नये, थोडे थोडे फिरवून पाहावे.

पाचव्या दिवशी चौकोन शिवा. कोपऱ्यावर सुई कापडात खाली ठेवायची, फूट उचलायचा, कापड वळवायचे, फूट खाली घ्यायचा. सहाव्या दिवशी कड दोनदा दुमडून शिवा. सातव्या दिवशी शिवलेले सगळे उसवा. उसवणे हाही धडाच आहे. ज्याला नीट उसवता येते, त्याला चुकण्याची भीती वाटत नाही.

पहिली वस्तू: कापूस वेचणीची झोळी

पहिली वस्तू अशी असावी, की जिच्यात सरळ शिवणीच आहेत, जी अंगावर तंतोतंत बसायची नाही आणि जिचा घरात उपयोग आहे. कापसाची झोळी या तिन्ही कसोट्यांना उतरते.

९० सेंटीमीटर पन्ह्याचा कोरा पांढरा मांजरपाट दीड मीटर घ्या. रंगीत घेऊ नका; रंगीत धागा कापसात गेला तर तोही कचराच. कापड वर सांगितल्याप्रमाणे धुऊन, वाळवून, इस्त्री करा. आता एका काठालगत, काठाला समांतर, दहा-दहा सेंटीमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या कापा. हे झाले बंद. उरलेल्या रुंद भागातून १२० सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापा. ही झाली झोळी. शेवटी जो आडवा तुकडा उरेल तो सरावाला ठेवा.

१२० सेंटीमीटरचा तुकडा मधोमध आडवा दुमडा. तळाला घडी येते, शिवण येत नाही, म्हणून वजन पडले तरी तळ उसवत नाही. आता दोन्ही बाजू शिवायच्या. आधी कडेपासून अर्धा सेंटीमीटर माया ठेवून बाहेरच्या बाजूने शिवा. सुटे धागे कातरून घ्या. मग झोळी उलटी करून, तीच बाजू कडेपासून एक सेंटीमीटरवर पुन्हा आतून शिवा. झोळी परत सुलट केली की कापलेली कड दोन शिवणींच्या मध्ये बंद झालेली दिसेल. याला फ्रेंच शिलाई म्हणतात. इथे ती केवळ शोभेसाठी नाही. उघडी कड राहिली तर तिचे धागे सुटून कापसात जातील.

तोंडाची कड आधी एक सेंटीमीटर, मग तीन सेंटीमीटर आत दुमडून सभोवार शिवा. एक पट्टी लांबीत दोन्हीकडून आत दुमडून, पुन्हा मधोमध दुमडून शिवा, म्हणजे चार पदरी भक्कम बंद होईल. तो झोळी वापरणाऱ्या बाईच्या खांद्यावरून तिरपा धरून लांबी ठरवा आणि दोन्ही टोके दोन्ही बाजूंच्या शिवणींवर लावा. जोडाच्या जागी चौकोन शिवून त्यात फुली मारा. नुसत्या एका आडव्या टिपेवर भार सोडू नका. दुसरी पट्टीही तशीच शिवा, मधोमध कापा आणि दोन अर्धे दोन्ही बाजूंना लावा. ते पाठीमागे बांधले की वाकताना झोळी पुढे झुलत नाही.

पाच किलोच्या आसपास कापूस झाला की झोळी रिकामी करावी. लोभाने गच्च भरली तर खांदा आणि कंबर दोन्ही दुखतात. वेचताना डोक्याला सुती रुमाल बांधावा, म्हणजे केस कापसात जात नाहीत. हंगाम संपला की झोळी धुऊन, वाळवून, पुढच्या वर्षासाठी ठेवावी.

त्यानंतर: अभ्रा आणि फवारणीचा सदरा

दुसरी वस्तू उशीचा अभ्रा. त्यातही सरळ शिवणीच असतात, फक्त तोंडाला झाकण येते. दोन-तीन अभ्रे शिवले की कोपरे बोटांत बसतात.

तिसरी वस्तू पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, फवारणीच्या वेळी घालायचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, अनेकांचे प्राण गेले. त्या वर्षीची आठवण विदर्भात अजून ताजी आहे. फाटक्या बनियनवर आणि उघड्या हातांनी पंप पाठीवर घेणारी माणसे आजही दिसतात.

या सदऱ्यासाठी घट्ट विणीचे, फिक्या रंगाचे जाड पॉपलीन घ्यावे; फिक्या रंगावर औषध सांडलेले लगेच दिसते. छाती ९० सेंटीमीटरच्या आसपास असेल, तर ९० सेंटीमीटर पन्ह्याचे पावणेतीन मीटर कापड पुरते. जुन्या पैरणीसारखी याची बेतणी सगळी चौकोनांची असते. खांद्यावर दुमडलेला एक लांब तुकडा म्हणजे पुढा आणि पाठ, दोन चौकोन बाह्यांचे आणि काखेत हात सहज उचलता यावा म्हणून दोन लहान चौकोन. गळा बंद असावा आणि बाहीला मनगटाशी नाडी असावी. खिसा लावू नये. खिशात तंबाखूची पुडी जाते आणि औषधाचा हात तिच्यावर पडतो.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सुती कापड औषध पूर्णपणे अडवत नाही. ते अंगापर्यंत पोचायला उशीर लावते, एवढेच. रबरी हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा आणि डब्यावरच्या सूचना यांची जागा सदरा घेऊ शकत नाही. अंगातला सदरा औषधाने भिजला तर लगेच उतरवावा आणि अंग साबणाने धुवावे. फवारणी झाल्यावर हा सदरा वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, साबणाने धुवावा. लहान मुलांच्या कपड्यांत तो मिसळू नये. न मिसळलेले तीव्र औषधच अंगावर सांडले असेल, तर तो सदरा पुन्हा वापरू नये. तो गेला तर पावणेतीन मीटर कापड गेले, माणूस तर राहिला.

पुढे शिकायचे तर

इथपर्यंत आलात की ब्लाऊज शिकायला हरकत नाही. तोही आधी जुना ब्लाऊज उसवून, त्याचे भाग कागदावर ठेवून, रेघ मारून शिकावा. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गृहविज्ञानाच्या तज्ज्ञ असतील तर त्यांच्याकडे प्रशिक्षणाची चौकशी करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आपल्या तालुक्याच्या संस्थेत तो आहे का, हे विचारून घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे, पण ती आधीच या व्यवसायात हात असलेल्यांसाठी आहे. आज शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी केवळ योजनेसाठी घाई करू नये, आणि मशीन मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दाराबाहेरच ठेवावे.

आणि बंधूंनो, तुम्हालाही एक सांगणे. घरातली सून किंवा लेक मशीनवर बसली, की पहिल्या आठवड्यात तिच्या वाकड्या टिपेला हसू नका. तुमचे पहिले तास तरी कुठे सरळ होते? तिला दिवसातला एक तास मोकळा द्या, उजेडाची जागा द्या आणि मशीनवरचा डाळीचा डबा तेवढा स्वतः उचलून फडताळात ठेवा. घरातल्या मुलग्याला शिकावेसे वाटले तर त्यालाही बसू द्या. तालुक्याच्या बाजारात कपडे शिवणारे बरेच कारागीर पुरुषच असतात.

दसऱ्याच्या आत एका घरात एक झोळी तयार झाली, तरी या लेखाचे काम झाले. पुढील आठवड्यात वेचलेला कापूस कसा वाळवावा, त्याची प्रतवारी कशी करावी आणि घरात तो कुठे साठवावा, याबद्दल बोलू.